इंगळेताई काहीच विचारत नाहीत

इंगळेताई समोरचा माणूस काय करतोय ते त्याला तोंडावर सांगतात. टोमणा म्हणून नाही, नुसतंच. कोर्टामागच्या गल्लीत त्यांची खोली आहे, आणि आम्हा कारकुनांचा चहाही त्याच गल्लीत होतो, म्हणून मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. एकदा गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. ताई दारात उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही सिलिंडर खाली ठेवलं. आता कंबर धरून उभे राह्यले." दुसरं कोणी असं म्हणालं असतं तर तो उखडलाच असता. हा पायरीवर बसला आणि कंबरेपासून मेहुण्यापर्यंत सगळी कहाणी सांगून गेला. आमचा चहा गार झाला, पण कोणी उठलं नाही.

ही सवय त्यांना धंद्यातून लागली. त्यांच्या दारावर 'खेळोपचार' अशी पाटी आहे. ती वाचून एक गृहस्थ गुडघा दाखवायला आले होते, आणि एका बाईंनी पोराला क्रिकेटच्या बॅटसकट पाठवलं होतं. खरं म्हणजे ताई लहान मुलांचं मन सांभाळतात, तेही औषधगोळी न देता. खोलीत वाळूची मोठी परात, माती, बाहुल्या, बिनछपराचं लाकडी घर, डॉक्टरचं सामान, एक ढोलकी. मूल आत गेलं की काय खेळायचं ते मूल ठरवणार. ताई सतरंजीवर बसून ते काय करतंय तेवढं सांगणार. शाबास नाही, चूक नाही, आणि प्रश्न तर अजिबात नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मोठा माणूस मनातलं बोलते, भाऊ. लेकरू ते खेळते." मला ते तेव्हा पटलं नव्हतं. पुस्तकी वाटलं.

पण माझ्यावर वेळ आली ना! आम्ही अमडापूरहून बुलढाण्यात राहायला आलो तेव्हा आमची जुई सहा वर्षांची होती. अमडापुरात ही पोट्टी इतकी बडबडी की शेजारी म्हणायचे, रेडिओ बंद करा. इथल्या शाळेत मात्र तिनं तोंडच उघडलं नाही. घरी चिवचिवाट, आणि शाळेचं फाटक आलं की कुलूप. बाई नाव विचारायच्या, तर ही बुटांकडे बघायची. लघवीला जाऊ का, एवढंसुद्धा तिच्या तोंडून निघेना. ओली होऊन घरी यायची आणि दप्तर पुढे धरून आत पळायची. तिची आई, सीमा, न्हाणीघरात तो फ्रॉक धुताना रडायची. मला संताप यायचा, पण नेमका कोणावर ते कळत नव्हतं.

उपाय काय थोडे झाले? दृष्ट काढली. वेखंड उगाळून चाटवलं. बोललीस तर सायकल, असं आमिष मी स्वतः दाखवलं, आणि ती सायकलकडेसुद्धा बुटांकडे पाहिल्यासारखीच पाहू लागली. शेवटी शाळेनं सांगितलं की तोंडी परीक्षा दिली नाही तर त्याच वर्गात मागे ठेवावं लागेल. त्याच आठवड्यात सीमानं मला न विचारता इंगळेताईंकडे वेळ ठरवली.

मी कोर्टातला माणूस. साक्षीदार बोलत नसेल तर तोच प्रश्न पुन्हा, जरा मोठ्यानं, एवढीच आमची विद्या. जुईला पहिल्यांदा न्यायच्या आदल्या संध्याकाळी मी तिची तयारी करून घेतली. मॅडमनी नाव विचारलं तर असं सांगायचं, शाळेत का बोलत नाहीस म्हटलं तर तसं सांगायचं. तिथं पोचल्यावर ती गप्प, आणि मी तिची सगळी उत्तरं देऊन मोकळा. ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही उत्तरं देऊन राह्यले. म्या तर अजून काही विचारलंच नाही." सीमा पदरात हसली.

त्याआधी, पहिल्याच भेटीत, त्यांनी जुईशिवाय आम्हा दोघांनाच बोलावून दम दिला होता. लेकराला डॉक्टरकडे नेतो म्हणायचं नाही, शिकवणीला नेतो म्हणायचं नाही, 'शहाण्यासारखी वाग' म्हणून तर पाठवायचंच नाही. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ; घरी पाहुणे आले म्हणून बुट्टी चालणार नाही. बाहेर आल्यावर काय खेळलीस म्हणून खोदायचं नाही. ती आत काय खेळते ते ताई आम्हाला सांगणार नाहीत. तिच्या जिवाला धोका दिसला तरच सांगतील. तिची गाडी कुठवर आली ते मात्र आम्हाला वेगळं बोलावून सांगतील. मध्ये ती जास्त हट्टी होईल, घाबरून जायचं नाही. आणि घरी रोज थोडा वेळ मोबाईल लांब ठेवून तिच्याशी खेळायचं, पण सांगेल ती, ऐकू आपण. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं. जुईनं मातीचा हत्ती केला, निळा रंगवला, आणि माझ्या तोंडून निघून गेलंच की हत्ती निळा नसतो. तिनं हत्तीचा गोळा करून टाकला. सीमा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

दोन महिने होत आले. मी आणि सीमा ओसरीवर बसायचो, आतून वाळू सरकल्याचा आवाज यायचा, बस्स. एक दिवस माझा संयम संपला. मी ताईंना म्हटलं, खेळायला आमच्या घरी जागा आहे, आम्ही पुढच्या आठवड्यापासून येत नाही. 'तुम्ही घाई करून राह्यले,' असं त्यांचं पेटंट वाक्य येईल असं वाटलं होतं, पण त्या माझ्याजवळ खाली बसल्या.

"भाऊ, तिच्यापाशी शब्द भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. "सगळे जण तिच्या तोंडाकडे पाहून राह्यले, म्हणून ते बाहेर येत नाहीत. मले एक जागा अशी ठेवू द्या, जिथं ती बोलली नाही तरी कोणाचं काही अडत नाही."

आम्ही जात राहिलो.

मग एका शनिवारी बंद दारातून आवाज आला. "चूप बसा सगळे! ज्याले बाथरूमले जायचं आहे त्यानं हात वर करा!" बाहुल्यांचा वर्ग भरला होता आणि आमची जुई अमडापूरच्या वरच्या पट्टीत ओरडत होती. मी दाराकडे धावलो. सीमानं मागून माझी कॉलर धरली आणि कानात म्हणाली, "बसा गप." मी बसलो. बाप्पा, ती काही मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत.

पुढचं हळूहळू झालं. ताई शाळेत जाऊन बाईंशी बोलल्या, तिला उभं करून विचारू नका म्हणाल्या. जुई आधी बाकावरच्या मैत्रिणीच्या कानात बोलली, मग दोघी-तिघींत. एक दिवस बाईंचा फोन आला की जुईनं लघवीला जाऊ का, असं विचारलं. मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन रडलो. ती वर्गात मागे राहिली नाही. आता आणखी किती वेळा यायचं उरलंय ते ताईंनी तिला आधीच सांगितलं होतं, आणि शेवटच्या दिवशी ती उड्या मारत बाहेर आली. ताई आत परात धुवायला लागल्या.

मागच्या हिवाळ्यात शाळेचा आनंदमेळावा होता. मुलांनीच खाऊचे ठेले लावलेले. मी आग्रहानं ताईंना घेऊन गेलो. जुई दुसरीत गेली होती, मैत्रिणींबरोबर भेळ विकत होती, आणि तिचा आवाज फाटकापासून ऐकू येत होता. मी हाक मारायला हात वर केला, तो ताईंनी मनगट धरून खाली आणला आणि स्वतः मंडपाच्या खांबाआड झाल्या.

"राहू द्या. तिले ओळख द्यायची असन तर ती देईन. नाही तर ह्या कोण म्हणून मैतरणी विचारतीन."

जुईची नजर आमच्यावरून गेली. तिनं मला हात केला. ताईंकडे पाहिलं न पाहिलं, आणि पुन्हा गिऱ्हाइकांकडे वळली. मला तिचा राग आला. मी ताईंना विचारलं, तुम्हाला वाईट नाही वाटत?

"वाटते," त्या म्हणाल्या. "दरवेळी वाटते. एक लेकरू तर आता ट्रॅफिक पोलीस झालं. मले अडवून लायसन मागितलं त्यानं. म्या दाखवलं." मग म्हणाल्या, "मायासाठी एक भेळ आणता का? तिच्याच हातची."

मी आणून दिली. त्यांनी उभ्या उभ्या, अगदी सावकाश खाल्ली. खाऊन झाल्यावर मी निघू या म्हटलं, पण त्या रिकामा कागद हातात धरून तिथंच थांबल्या. पलीकडे जुई गळा ताणून भेळ, भेळ ओरडत होती, आणि ठेला आवरेपर्यंत ताई खांबाआडून ते ऐकत होत्या.