सुपडूभाऊंचा दोस्त

"पाच मिनिटं बसायचं, हात जोडायचे आणि उठायचं," असं निर्मलाताईंनी मला सांगितलं होतं. मी नऊ दिवस बसलो. दहाव्या दिवशी जे झालं त्यानंतर या गावात मला ओळखत नाही असा माणूस उरला नाही, पण ते कुणाला हेवा वाटावा अशातलं नाही.

मी शेहेचाळीस वर्षांचा, अविवाहित. मिरजेहून दोन महिन्यांपूर्वी बऱ्हाणपूरला आलो. इथल्या एका जिनिंगमध्ये कापसाची ओल तपासायचं काम करतो. राहायला राजपुऱ्यात निर्मलाताईंकडे वरची खोली आहे. गाव चांगलं, माणसं बोलकी. पण एकट्या माणसाशी काय बोलायचं हे त्यांना कळत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "फॅमिली कुठंय?" मी म्हणायचो, "नाही." मग समोरचा माणूस "अच्छा, अच्छा" म्हणून आभाळाकडे बघायचा. लग्नाच्या पत्रिका 'सहकुटुंब' यायच्या. मी एकटाच सहकुटुंब कसा जाणार, म्हणून जात नव्हतो. सकाळच्या योगवर्गात दोन आठवडे गेलो. तिथे माझं कुणाशीही एक वाक्य झालं नाही, कारण सगळा वेळ श्वास रोखून धरायचा होता. (आणि ज्या वेळी सोडायचा होता त्या वेळी मला खोकला यायचा.)

अशा परिस्थितीत एका संध्याकाळी निर्मलाताई जिन्याखालून ओरडल्या, "भाऊ, मागच्या गल्लीतले सुपडूभाऊ गेले. आपल्या घरून कोणी तरी दारावर गेलं पाहिजे. माझे गुडघे साथ देऊन नाही राहिले. तुम्ही जाऊन या ना!"

दारावर जाणं म्हणजे दुःखात भेटायला जाणं. मी सुपडूभाऊंना कधी पाहिलेलं नव्हतं. पण मी विचार केला, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. हा माझा पहिला आणि मुख्य मूर्खपणा.

घरासमोर मांडव होता, खाली पांढरी चादर, तिच्यावर वीसेक माणसं. मी हात जोडून कडेला बसलो. शेजारच्या घरून चहा आला आणि मलाही मिळाला. बाजूच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्याकडे सरकून हळूच विचारलं, "कुठले?" मी म्हटलं, "मिरजेचे." ते म्हणाले, "एवढ्या लांबून आले!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे अनंतराव, सुपडूभाऊंचे चुलतभाऊ. या गावात 'फॅमिली कुठंय' न विचारता माझ्याशी बोललेला हा पहिला माणूस. मला इतकं बरं वाटलं की उठताना मी सवयीनं हसून म्हणालो, "येतो."

सगळ्या चादरीनं वळून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब," अनंतराव पुटपुटले, "अशा दारावर 'येतो' नाही म्हणायचं. गुपचूप उठून जायचं असतं."

रात्रभर वाटत राहिलं, आता त्या घरात काही झालं तर ते माझ्या डोक्यावर. म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, फक्त गुपचूप उठून येण्यासाठी. पण गुपचूप उठायला आधी बसावं लागतं. बसलो की चहा यायचा. चहा घेतला की अनंतराव बोलायचे. तिसऱ्या दिवशी मला चादरीवर माझी अशी एक जागा झाली होती. चौथ्या दिवशी मी थोडा उशिरा पोचलो तर दोन माणसं ती जागा सोडून बसली होती! मिरजेत सव्वीस वर्षं नोकरी केली, पण माझ्यासाठी कुणी जागा सोडल्याचं आठवत नाही.

पाचव्या दिवशी सुपडूभाऊंचा मुलगा ललित गोंधळून विचारत होता, "धूलकोटचे लोक येऊन गेले का? मम्मी विचारून राहिली."

मी म्हणालो, "परवा आले. चौघे होते, पांढऱ्या जीपमधून, सव्वासहाला. त्यातले एक जण चहा घेत नाहीत."

(मी रोज डायरी लिहितो. त्या दोन महिन्यांत लिहिण्यासारखं एवढंच घडत होतं.)

ललित म्हणाला, "काका, तुम्ही आहात म्हणून ठीक आहे, नाही तर मला काही सुचून नाही राहिलं."

तेव्हापासून कोण आलं, कोण राहिलं, कुणाला निरोप गेला नाही, हे सगळं "साहेबांना विचारा" असं झालं. मी सुखात होतो. दुसऱ्याच्या दुःखात आपण सुखात आहोत याची भीतीही वाटत होती. पण ती खरी भीती नव्हती. खरी भीती सहाव्या दिवशी आली.

मालूबाई, म्हणजे सुपडूभाऊंच्या पत्नी, स्वतः बाहेर आल्या. वाळलेल्या, छोट्याशा, डोळे सुजलेले. त्या सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तुम्ही इथे केव्हा आले, भाऊ?"

"दोन महिने झाले. चौदा तारखेला आलो."

मालूबाईंनी अनंतरावांकडे पाहिलं. अनंतरावांनी मान हलवली. "बरोबर जमून राहिलं, वहिनी."

"काय जमून राहिलं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तेव्हा कळलं ते असं. सुपडूभाऊंना साखरेचा आजार होता, आणि मावा जिलेबी हा त्यांचा जीव. दोन महिन्यांपूर्वी मालूबाईंनी फ्रिजला कुलूप लावलं. खूप भांडण झालं. त्या दिवसापासून ते रोज पाचला घराबाहेर जायचे आणि सातला परत यायचे. कुठे जातात, कुणाजवळ बसतात, काही सांगायचे नाहीत. घरात लागेल तेवढंच बोलायचे. आणि एका दुपारी झोपेतच गेले.

"म्हणजे ते तुमच्याजवळ येऊन बसायचे," मालूबाई म्हणाल्या.

"नाही हो, मी..."

"नाही कसं? कोणी परका माणूस सहा दिवस येऊन बसतो का?" अनंतराव म्हणाले.

याला माझ्याजवळ खरं उत्तर होतं. 'बसतो, त्याला दुसरीकडे कुठे बसायला नसेल तर बसतो.' पण वीस माणसांसमोर ते म्हणायची हिंमत होईना. आणि म्हटलं असतं तर चादरीवरची जागा गेली असती, हेही मी लपवत नाही.

मालूबाई पुढे वाकल्या. "एवढंच सांगा, भाऊ. माझ्यावर राग ठेवून गेले का ते? माझ्याविषयी काही बोलले?"

मी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. तेवढ्यात आतून कुणी तरी त्यांना हाक मारली आणि त्या गेल्या. जाताना म्हणाल्या, "आता तुमच्या तोंडून शब्द निघून नाही राहिला. नंतर सांगा."

त्यानंतरच्या चार रात्री मी झोपलो नाही. खरं सांगितलं तर एका विधवा बाईच्या मांडवात फुकट चहा प्यायला बसलेला लबाड ठरणार. खोटं सांगितलं तर मेलेल्या माणसाच्या तोंडी माझे शब्द घालणार. आजारी पडावं असं वाटलं, पण माझी तब्येत अशा वेळी कधीच साथ देत नाही. ठणठणीत होतो. दहाव्या दिवशी ललित मोटारसायकल घेऊन खाली उभा राहिला. "काका, चला. तुमच्याशिवाय कसं?"

तापीच्या घाटावर सगळे जमले. पिंड मांडला, भोवती सुपडूभाऊंच्या आवडीचं ठेवलं. वरणभात, भरीत, आणि वर मावा जिलेबी. सगळे मागे सरकून कावळ्याची वाट पाहू लागले.

कावळे होते. समोरच्या भिंतीवर ओळीनं सात बसले होते. (मी मोजले. भीती वाटली की मी मोजतो.) एकही उठेना.

ललित पुढे होऊन हात जोडून म्हणाला, "पप्पा, मी गुटखा सोडला." कावळे जागेवरच.

अनंतराव म्हणाले, "सुपडू, धूलकोटच्या बांधाचा वाद मी सोडून दिला रे." एका कावळ्यानं चोचीनं पंख साफ केला.

मग मालूबाई उठल्या. पदर सावरत पुढे आल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "घ्या हो जिलेबी. आज कुलूप नाही."

घाटावर सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. कावळे मात्र जिलेबीकडे बघून दुसरीकडे बघू लागले. तासभर झाला. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू. शास्त्रात चालतं."

"गवताचा कावळा नको," मालूबाई पायरीवर बसून म्हणाल्या. "माझ्यावरचा राग गेला नाही म्हणून येऊन नाही राहिला. खरा शिवल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

मग अनंतरावांची मान हळूहळू वळली. ललितची वळली. मग सगळ्यांचीच. आणि मी कुठे बघावं म्हणून मागे वळलो, तर मागे नदी होती.

अनंतराव म्हणाले, "साहेब, त्यांच्या मनातलं तुम्हालाच माहीत. बोला काय ते."

"मी? मला काही..."

"काका, प्लीज," ललित म्हणाला आणि त्यानं मला दंडाला धरून पुढे नेलं.

पिंडासमोर वाकलो. वाटलं, वचन काय देणार? ज्याला पाहिलं नाही त्याला कसलं वचन? मग मी फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालो, "सुपडूभाऊ, माफ करा. मी तुमचा कोणी नाही. तुम्ही पाच ते सात कुठे जायचात मला माहीत नाही. माझी चूक झाली. मला एकट्याला खोलीत बसवत नव्हतं, म्हणून मी तुमच्या दारात येऊन बसलो."

मी सरळ उभाही राहिलो नव्हतो. डोक्यावरून वारा गेला आणि मोठा काळा कावळा पिंडावर उतरला. त्यानं आधी जिलेबीच उचलली.

घाटावर एकच गलका झाला. गुरुजींनी पटकन सामान आवरायला घेतलं. मालूबाई धावत आल्या. "काय बोलले तुम्ही? भाऊ, काय बोलले?"

आता मात्र खरं सांगायचं असं मी ठरवलं. सगळं, पहिल्या चहापासून. मी म्हणालो, "मी त्यांची माफी मागितली. कारण..."

"माफी?" त्यांनी माझा हात धरला. "म्हणजे तुमच्यावर राग होता?"

"ते तसं नाही..."

"तुमच्यावर होता! माझ्यावर नव्हता!"

आणि त्या हसल्या. रडतही होत्या, पण हसल्या. दहा दिवस कानाला लागलेले खांदे खाली आले. "अगं बाई, माझ्यावर नव्हता गं!" असं त्या पायऱ्यांवरच्या एकेका बाईला जाऊन सांगू लागल्या. कुणी तरी त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला, तो त्यांनी घटाघटा पिऊन टाकला. ललित म्हणाला, "मम्मीनं आज सकाळपासून पाणी नव्हतं घेतलं."

'कारण' या शब्दापुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते मी गिळून टाकलं. त्या बाईंचा आनंद परत मागून घ्यायचं धाडस माझ्यात नव्हतं. यात माझा चांगुलपणा किती आणि भित्रेपणा किती, हे मी नंतर डायरीत मांडून पाहिलं. जमलं नाही.

परतताना मात्र माझ्याभोवती दोन हात मोकळी जागा होती.

"दोन महिन्यांत एवढं काय केलं हो तुम्ही त्याला?" अनंतरावांनी लांबूनच विचारलं. "सगळ्या जन्मात कुणावर रुसला नाही आमचा सुपडू."

संध्याकाळपर्यंत राजपुऱ्यात चार कारणं तयार झाली. मी पत्त्यात लबाडी करायचो. मी त्यांच्या आजाराची थट्टा केली. मी त्यांच्यासमोर बसून एकट्यानं जिलेबी खाल्ली. चौथं निर्मलाताईंनी सांगितलं नाही, नुसतं कपाळाला हात लावून म्हणाल्या, "भाऊ, मी तर सरळ माणूस पाहून खोली दिली होती." लोधीपुऱ्यातून दोन माणसं मुद्दाम मला बघायला आली. बघितलं आणि गेली.

तेराव्याला जेवायचं बोलावणं आलं, याचं मलाच आश्चर्य वाटलं. मी भीत भीत गेलो. पंगतीत माझं पान टोकाला होतं आणि शेजारचं पान रिकामं होतं. मालूबाईंनी मात्र स्वतः वाढलं, आग्रह करून दुसरी जिलेबीही घातली. त्यांचा चेहरा शांत होता. "त्यांनी माफ केलं, मग मी कोण धरून बसणार?" म्हणाल्या. वाटलं, चला, या गावात एक घर तरी आपलं झालं.

हात धुऊन निघालो तर ललित दारापर्यंत आला. चप्पल घालेपर्यंत घुटमळत उभा राहिला.

"काका, एक सांगू? बुरा मत मानना."

"बोल ना."

"मम्मी म्हणते, तुम्ही एकटे आहात, रोज संध्याकाळी येत जा. चहा घ्या, पेपर वाचा, पाहिजे तर टीव्ही बघा. घर तुमचंच आहे." मग तो हात जोडून म्हणाला, "फक्त आमच्यात कुणाशी दोस्ती करू नका."