तेरोशच्या विधवेचं तिसरं स्थळ

राज्य न्यायावर उभं असतं, जमिनीवर नव्हे. आम्हा क्रुसेडवीरांच्या तेरोश राज्याची जमीन सुलतानाने सेहेचाळीस वर्षांपूर्वी घेतली. तेव्हापासून कारभाराला आलेली शिस्त पाहण्यासारखी आहे. सध्या आमच्याकडे सीरियाच्या किनाऱ्यावरची एक गल्ली आहे. (दुसरं टोक व्हेनिसवाल्यांचं.) गल्लीत सेनापती तीन, किल्लेदार दोन, शिपाई एक. कायद्याचं पुस्तक तेरोशच्या चर्चमध्येच राहिलं, त्यामुळे कायदा म्हणजे वयोवृद्ध सरदार गोंबेर यांना आठवेल तो. जेवणानंतर त्यांना जरा जास्त आठवतं.

यंदा आठवलं ते असं: जहागीर बाईकडे असेल, तर तिच्या वतीने घोड्यावर बसायला नवरा हवा. दरबार तीन स्थळं देईल, तिने एक निवडावं. साठी उलटली असल्यास माफी.

विधवा जहागीरदारीण हेल्विसबाई बासष्टच्या. आठ वर्षं सुखाने अंजिरं वाळवत होत्या. त्यांना पुन्हा कुणाचं घोरणं ऐकायचं नव्हतं.

"वयाचा पुरावा?" गोंबेर म्हणाले.

"बाप्तिस्म्याची नोंद तेरोशला आहे."

"मग घेऊन या. आपलंच तर गाव!"

"गोंबेरदादा, बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या अंगावर मध सांडलात ते तुम्हीच ना?"

"ते मला शेजारी म्हणून आठवतं. न्यायाधीश म्हणून नाही."

स्थळं वाचली गेली. सरदार ओद्रिक: दात नाहीत, मतं फार. सरदार वोतिए: आधीच्या तिन्ही बायकांच्या आठवणीत रोज गातात. सरदार आंफ्रे: गेल्या ईस्टरला वारले. (यादी त्याआधीची होती.)

"तिसरे," हेल्विसबाई म्हणाल्या.

"अगं बाई, ते गेलेत!"

"तेरोशही गेलंय, दादा. गेलेलं चालत नसेल तर तसं लिहा, मी घरी जाते."

तिन्ही सेनापतींनी एकमेकांकडे पाहिलं. किल्लेदारांनी किल्ल्या चाचपल्या. शेवटी एकमताने ठरलं की आंफ्रे हयात आहेत. रिवाजाप्रमाणे तीन सरदार कबरीवर संमती विचारायला गेले. चाळीस दिवसांत हरकत आली नाही.

लग्न रविवारी. वरपक्षाकडून कुणी येण्याची चिन्हं नाहीत. तुम्ही मात्र इथवर सगळं निमूट ऐकलंत, एकही हरकत घेतली नाहीत; तेव्हा तुम्ही नवरदेवाच्याच नात्यातले दिसता.

अवश्य यावं. बसायला स्टूल तेवढं घरून आणा.