गॉर्डीची खात्रीची रायफल

रविवारी सासऱ्याच्या घरी जेवताना गॉर्डी व्हॅन्डरवीन एवढंच म्हणाला की यंदा मी स्वतःची रायफल घेतोय. बोलून झाल्यावर त्याने बटाट्याचा मोठा घास तोंडात कोंबला, पण तोवर उशीर झाला होता. उर्हो लाह्तीने, म्हणजे सासऱ्याने, काटा खाली ठेवला.

"घे," उर्हो म्हणाला. "रायफल घेऊन आलास तर स्टोव्हशेजारचा बिछाना तुझा. नाही आणलीस तर तो मी मार्टीला देतो. आमच्या शिकारीच्या कॅम्पात एक रायफल, एक बिछाना."

मार्टी म्हणजे चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस. चष्म्याशिवाय त्याला आपल्याच ऑर्गनच्या पट्ट्या दिसत नाहीत, पण हरीण दिसतं.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणी बाहेरचा विचारेल. गॉर्डीही मुळात बाहेरचाच, पुलापलीकडचा. आयलीशी लग्न करून तो पूल ओलांडून उत्तरेला आला आणि तालुका कचेरीत पाणीपट्टीच्या खिडकीवर चिकटला. या मुलखात पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडला की शाळा बंद, कचेरी बंद, दवाखान्याला कुलूप आणि सगळी माणसं रानात. तुम्ही कुणाच्या कॅम्पात झोपता यावर तुम्ही कोण हे ठरतं. गॉर्डी अठरा वर्षं उर्होच्या कॅम्पात, उर्होचीच उसनी रायफल घेऊन जात होता आणि दरवर्षी त्याचा नेम चुकत होता. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा पदर कात्रीने कापून कॅम्पाच्या भिंतीला ठोकायचा, ही तिथली जुनी रीत. त्या भिंतीवरचे बहुतेक पदर गॉर्डीचे होते. (आयली त्याच्यासाठी शर्ट घ्यायची तेच मागून लांब बघून.) दरवर्षी तो रायफलीला दोष द्यायचा आणि दरवर्षी उर्हो तीच रायफल घेऊन पुढचं हरीण पाडायचा.

तर रायफल हवी होती, आणि ती स्वस्त हवी होती, कारण घराचं छपरही यंदाच बदललं होतं. पण स्वस्त म्हणजे भंगार नको. खात्रीची हवी, थंडीत न गोठणारी. गॉर्डीने कचेरीत नुसता विषय काढला आणि पाणीपट्टी भरायला आलेला प्रत्येक जण गुरू झाला. एक म्हणाला, लाकडी दस्त्याचीच घे, प्लॅस्टिक म्हणजे खेळणं. दुसरा म्हणाला, लाकूड बर्फात फुगतं, नेम सरकतो. तिसऱ्याने रायफलीवर पैसे घालू नकोस, दुर्बिणीवर घाल, असं सांगितलं आणि चौथ्याने नेमकं उलट. आठवडाभरात गॉर्डीला एवढं ज्ञान झालं की जरा खोकला तरी त्यातून कॅलिबर बाहेर पडेल.

लेम्पी सारीच्या हार्डवेअरच्या दुकानात त्याला हवी होती ती सापडली. साधी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची, वर दुर्बीण बसवलेली. पण मांडणीवरची त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याने उचलली. लेम्पी म्हणाली की आत एक खोक्यात आहे, वर्षभर पडून आहे, म्हणून आणखी कमी लावते. "उघडून बघतोस? ती जरा वेगळी आहे."

दुकानात चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत खोकं उघडून आत डोकावणारा माणूस नवशिका दिसला असता.

"बघायचं काय त्यात," गॉर्डी म्हणाला. "मला ठाऊक आहे मी काय घेतोय."

लेम्पीने त्याच्याकडे पाहिलं, मग गल्ल्यामागच्या पाटीकडे बोट केलं. हंगामाच्या तोंडावर विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असं तिथे ठळक लिहिलं होतं. गॉर्डीने मान डोलावली आणि खोकं काखेत मारलं.

गॅरेजचं दार लावून त्याने ते उघडलं. रायफल देखणी होती. त्याने खांद्याला लावली, गोळी चढवायचा बोल्ट ओढायला हात नेला, तर हाताला काहीच लागलं नाही. बोल्ट डाव्या बाजूला होता. त्याने रायफल उलटी करून पाहिली, तेव्हा तो उजवीकडे आला खरा, पण दुर्बीण जमिनीकडे पाहू लागली. ती डावखुऱ्यांची रायफल होती आणि गॉर्डी जन्माचा उजवा. दुकानात परत जाणं म्हणजे सूर्य मावळायच्या आत सगळ्या गावाला कळणं, आणि उर्होला त्याच्याही आधी.

तेव्हा त्याने ठरवलं की आपणच डावखुरे व्हायचं.

दुसऱ्या दिवसापासून तो डाव्या हाताने दाढी करू लागला, सूप पिऊ लागला, कुलूप उघडू लागला. नेम धरताना डावा डोळा उघडा राहावा म्हणून जाता-येता उजवा मिटून चालू लागला. आयलीने आधी फुटलेले कप मोजले. मग त्याची कापलेली हनुवटी पाहिली, मग तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळणारं सूप. शेवटी ती समोर येऊन बसली.

"तुझ्या उजव्या हाताला काय झालंय?"

"काही नाही."

"मग तो वर कर बघू."

सराव इतका भिनला होता की गॉर्डीने झटकन डावा वर केला. आयलीचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा काका अर्धांगाने असाच गेला होता. आधी हात, मग बोलणं. तिने तिथूनच फोन उचलला. डॉक्टर रानात जाण्याच्या तयारीत होते, म्हणाले हंगाम उघडला की दुसऱ्या दिवशी बघतो, तोवर विश्रांती. संध्याकाळपर्यंत चर्चच्या बायका आजाऱ्यासाठी शिजवलेल्या कॅसरोलची भांडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या गॉर्डीशी सावकाश आणि मोठ्याने बोलत होत्या. खरं सांगून टाकावं असं त्याला दर घासाला वाटे, पण एकेक भांडं येत गेलं तसं सांगणं अवघड होत गेलं. आयली स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहायची आणि तिचे खांदे हलायचे. तिला असं रडवल्याबद्दल गॉर्डीला स्वतःची मनापासून लाज वाटत होती.

उर्हो येऊन त्याला न्याहाळून गेला. आजारी माणसाच्या हाती बंदूक देऊन आम्ही त्याच्याशेजारी झोपत नाही, असं तो आयलीला म्हणाला. शनिवारी खडीच्या खाणीवर सगळे नेम जुळवायला जमतात, तिथे याने मारून दाखवावं. जमलं तर ठीक, नाहीतर मार्टीला निरोप जाईल.

शनिवारी खाणीत बर्फ भुरभुरत होता. गाड्या ओळीने उभ्या होत्या, माणसं आपापल्या कागदी निशाणांवर मारत होती. गॉर्डीने खोकं उघडलं. लोक बघतात म्हणून त्याने पाठ केली, आडवा झाला, रायफल डाव्या खांद्याला लावली. पहिली गोळी निशाणाच्या अलीकडच्या खडीत घुसली. दुसरी कागदाला लागली, पण तो कागद मार्टीचा होता. खाणीत हळूहळू सगळ्यांचं मारणं थांबलं.

उर्हो जवळ येऊन वाकला. बोल्टकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"ही डावी आहे."

गॉर्डीने रायफल खाली ठेवली आणि उठून अंगावरचा बर्फ झटकला. तेवढ्यात आयली कॉफीचा थर्मास घेऊन मागे येऊन उभी राहिली. "बघू," ती म्हणाली. थर्मास खाली ठेवून बर्फात आडवी झाली, रायफल डाव्या खांद्याला लावली आणि तीन गोळ्या मारल्या. तिन्ही भोकं एका कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती.

ती उठली नाही. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "घरातली बंदूक उजवी म्हणून तुम्ही मला आयुष्यभर उलट्या खांद्यावरून मारायला लावलंत. मला वाटायचं, मलाच जमत नाही."

आयली डावखुरी आहे हे गॉर्डीला अर्थातच ठाऊक होतं. अठरा वर्षं जेवताना तिचं कोपर त्याच्या बरगडीत लागत होतं. फक्त दुकानात ते आठवलं नव्हतं.

"ही तू कुणासाठी घेतलीस?" उर्होने विचारलं.

सगळी खाण ऐकत होती. खरं सांगितलं तर जन्मभर हसं होणार होतं, पण हसं झालेला माणूसही उसनी रायफल घेऊन बिछाना मागू शकतो. त्याने आयलीकडे पाहिलं. इतकी खूश ती त्याला लग्नातही दिसली नव्हती, आणि ते मोडायचं त्याच्या जिवावर आलं.

"आयलीसाठी," तो म्हणाला.

"मग आठवडाभर डाव्या हाताने सूप का सांडत होतास?"

"तिला काय सोसावं लागतं, ते बघत होतो."

दोन माणसांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. मार्टीने चष्मा पुसला. उर्होने जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, लग्नानंतर पहिल्यांदाच.

"माणूस आहेस," तो म्हणाला. "मग तुझी कुठाय?"

"माझी पुढच्या वर्षी घेईन म्हणतो."

"हरकत नाही. एक रायफल, एक बिछाना. यंदा स्टोव्हशेजारी आयली, तू घरी."

हंगामाच्या आदल्या दुपारी आयली बॅग भरत होती. गॉर्डी तिचे लोकरीचे मोजे घडी घालून देत होता आणि आपण केलं ते बरोबरच केलं, असं स्वतःला बजावत होता.

"लेम्पीने मला शुक्रवारीच सांगितलं होतं," आयली मोज्यांकडे बघत म्हणाली.

गॉर्डीच्या हातातला मोजा तसाच राहिला.

"डॉक्टर लगेच बघेनात, म्हणून मी गावभर विचारत होते, हा कधीपासून असा वागतोय. तर ती म्हणाली, डावी रायफल नेल्यापासून. खूप हसले मी. स्वयंपाकघरात तोंड दाबून हसत होते." तिने बॅगेची चेन ओढली. "तिने पाटी बाजूला ठेवून तुझ्यासाठी उजवी काढून ठेवली होती. खाणीवर आले तेव्हा ती उजवी रायफल पिकअपमध्येच होती. तू खरं बोललास की बदलून देणार होते."

"मग आता कुठाय ती?"

"परत नेऊन दिली."

"अगं, पण लेम्पीचं दुकान अजून उघडं असेल. आत्ता गेलो तर—"

"सगळ्या गावासमोर भेट म्हणून दिलीस ना," आयलीने रायफल खांद्याला अडकवली आणि त्याच्या कापलेल्या हनुवटीचा मुका घेतला. "आता मी माझ्या नवऱ्याला खोटं कसं पाडू?"

गॉर्डीने तिची बॅग उचलली आणि पिकअपपर्यंत नेऊन दिली.