टिकलीचा हात आणि ढोकवैद्याची चोच

यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखवा! बघू कुणाची छाती होते ते.

एका जंगलात वानरांची टोळी होती. टोळीत टिकली नावाची पोर. तिची उजवी बाजू चलाख, डावी जन्मापासून रुसलेली. डावा हात कोपरात मुडपलेला, मूठ आवळलेली.

नदीपलीकडं उंबरं पिकली. तिकडं जायचं तर पोरानं आईच्या पोटाला दोन्ही हातांनी घट्ट धरायचं, मग आईनं नदीवरून उडी मारायची.

टोळीचा म्होरक्या हुप्प्या म्हणाला, "वैद्य हो म्हणाला तरच ही येणार. नाहीतर मायलेकी इथंच राहा. खाली मगर आहे."

टिकलीच्या तोंडाला उंबराच्या नावानंच पाणी सुटायचं.

वैद्य होता ढोक, लांब चोचीचा पाणपक्षी. तो हात धरून हिसका द्यायचा, उघडी चोच कोपराला लावायचा आणि आकडा सांगायचा. शून्य म्हणजे सैल, चार म्हणजे लाकूड.

"तीन!"

"जरा हळू ओढा की, वैद्यबुवा. हिसका दिला की आवळतोच तो," आई म्हणाली.

"माप हिसक्यानंच घेतात बाई. शास्त्र तुला कळतं की मला?"

मग त्यानं गांधीलमाशीकडून दंडात दोन डंख मारवले. टिकली केकाटली. पण चार दिवसांत हात जरा सैलावला.

लगेच आईनं तिचा चांगला हात वेलीनं बांधला. "आता खा डाव्यानं."

टिकलीनं जांभूळ नाकाला फासलं, कानात कोंबलं, आईला शिव्या घातल्या. आठव्या दिवशी तोंड सापडलं.

महिन्यानं ढोक परत आला. दिला हिसका. हात आवळला.

"तीन! हिला काही धरता येणार नाही."

टिकलीचं डोकं फिरलं. तिनं दोन्ही हातांनी ढोकाची मानच धरली.

"वैद्यबुवा, मग मान कुणी धरलीय?" हुप्प्यानं विचारलं.

"ते... मापात... येत नाही! सोड गं कार्टे!"

टिकलीनं सोडली. डावी मूठ जरा उशिरा सुटली, एवढंच.

हुप्प्या पोट धरून हसला. "चला रे, पोरीला घेऊन चला!"

आईनं उडी मारली. टिकली पोटाला गोचिडासारखी चिकटलेली. मागून ढोक ओरडतोय, "अगं, तुला जमत नाही! तीन आहे, तीन!"

पलीकडून एक अर्धं खाल्लेलं उंबर आलं आणि त्याच्या उघड्या चोचीत बसलं. डाव्या हातानं फेकलेलं, बरं का.

तात्पर्य: लेकरांनो, आपल्या मनानं कधी बरं होऊ नये. आधी वैद्याचं माप बरं होऊ द्यावं. उंबरं काय, सडली तरी चालतात.

आता बघत काय बसलाय? उठा, चालते व्हा माझ्या दारातनं!