नियम चार, गाद्या तीन

शमशुद्दीन नदाफाच्या मंगळवार पेठेतल्या गादीच्या दुकानात पिंजायला आलेला कुठला कापूस कुणाचा, हे फक्त त्याच्या बायकोला, रोशनबीला कळायचं. उसवलेल्या गादीतला मूठभर कापूस ती नाकाशी धरायची आणि सांगायची, "सयाजीरावांचा. अंगाला लावायचं तेल." आजवर ती चुकलेली नव्हती. अडचण एवढीच, की पेठ वडगावला दुसरं दुकान काढायचं चार वर्षं घाटत होतं आणि नाक एकच होतं.

त्यात आजऱ्याला दिलेली लेक मेहमुदा पहिलटकरीण. डॉक्टरांनी तिला प्रवास नको म्हणून सांगितलेलं. म्हणजे आईनंच जायला हवं, तेही सव्वा महिना.

"मी न्हाय जात," रोशनबी म्हणाली. "तुमी समद्या पेठंचा कापूस एक कराल." आणि कोपऱ्यात जाऊन तिनं बाळाच्या कपड्यांचं गाठोडं तिसऱ्यांदा सोडून पुन्हा बांधलं.

ते बघून शमशुद्दीननं भिंतीवर खडूनं चार नियम लिहिले. एक, गादी आली की नंबर देणे. दोन, नंबराची चिठ्ठी कापसातच ठेवणे, म्हणजे हरवणार नाही. तीन, कापूस पिंजणे. चार, गिऱ्हाइकाची खात्री करून गादी देणे.

"आता दुकान नियमावर चालतंय. वडगावला बी हेच चालणार. तू फकस्त बसून बघ."

"बसते. पर मला एकदा जरी तोंड उघडाय लागलं, तर मी जायाची न्हाय."

पहिला नियम पाळला गेला. दुसराही. मग तिसराही तितक्याच काटेकोरपणे पाळला गेला, आणि चिठ्ठ्या कापसाबरोबर मशीनमधून पिंजून बाहेर आल्या. आता प्रत्येक गादीत नंबर जवळपास सगळीकडे होता. वरून खोळीही तिन्ही सारख्याच, नव्या, निळ्या पट्ट्यांच्या. रोशनबीनं पदराचा बोळा तोंडात धरला.

संध्याकाळी तिन्ही गिऱ्हाइकं एकदमच आली. तालमीचे वस्ताद सयाजीराव, गणपतराव मास्तर आणि सत्तरीच्या विठाबाई.

"ह्यातली माझी कुठली?" सयाजीरावांनी विचारलं.

"नियम चार," शमशुद्दीन म्हणाला. "झोपून बघा."

दुकानापुढच्या कट्ट्यावर गाद्या टाकून तिघं ओळीनं झोपली. "काय झालंय वो ह्यास्नी?" म्हणून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी काळजीनं चौकशी केली. तिघांनी जागा बदलल्या. पुन्हा बदलल्या. शेवटी मधल्या गादीवर तिघांनीही हक्क सांगितला. तिच्यावर गणपतराव घोरायला लागल्यामुळं निकाल लांबला.

"उठा की मास्तर! ती माझी हाय!"

"तुझी असती तर तिचा पापड झाला असता, सयाजी," विठाबाई म्हणाल्या. "माझी हाय ती."

"आता पिंजलीया न्हवं, आक्का! भाभी, तुमीच सांगा. तुमच्या नाकाम्होरं काय लपतंय?"

रोशनबीनं तिन्ही गाद्यांकडं पाहिलं. मग गाठोड्याकडं. तिचे डोळे भरून आले.

"ती बोलायची न्हाय," शमशुद्दीन मान खाली घालून म्हणाला. "बोलली तर हितंच ऱ्हाणार म्हणतीया. मेहमुदाला नववा लागलाय."

विठाबाईंनी सयाजीरावांकडं बघितलं. गणपतरावसुद्धा जागे झाले.

विठाबाई कडेच्या, सगळ्यात खडबडीत गादीवर जाऊन आडव्या झाल्या. त्यांनी डोळे मिटले. "अगं बया, हीच की माझी! पाठीनं वळीखली."

"मग ही माझी," म्हणून सयाजीराव दुसऱ्या कडेच्या गादीवर पसरले. गादी दिसेनाशी झाली. "एकदम मापात हाय."

गणपतरावांनी उरलेली गादी गुंडाळून खांद्यावर घेतली. "पद्धत उत्तम आहे, शमशुद्दीन. शंभरपैकी शंभर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शमशुद्दीननं आजऱ्याच्या एस.टी.त खिडकीतून गाठोडं दिलं. रोशनबीनं ते मांडीवर घेतलं. गाडी हलली, तशी तिला राहवेना. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अवो, तिन्ही गाद्या चुकल्यात!"

"ठाव हाय!" शमशुद्दीन गाडीबरोबर पळत ओरडला. "त्यास्नी बी ठाव हाय! तू जा!"