नमुन्याची नदी

"आई, त्या खुर्चीला धक्का नको लावू, नेट जातं!"

खुर्चीवर संघपालचा मोबाईल होता. मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप, आणि लॅपटॉपमध्ये पाण्याची प्रत तपासणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर सकाळपासून उतरत होतं. चितेगावच्या पुढं आत असलेल्या या वस्तीच्या बोअरचं पाणी नासलंय, हे जिभेलाच कळत होतं. संघपालचा बाप किडन्या जाऊन मेला. पण साहेबलोकांना जीभ नसते. टँकर चालू राहायचा तर त्यांना आलेख पाहिजे. शहरातल्या प्रयोगशाळेनं बोअरच्या पाण्याचे आकडे दिले होते. ते टाकले की आलेख निघणार होता.

सॉफ्टवेअर बसलं. नीट चालतं का, हे बघायला संघपालनं त्याच्यासोबत आलेले नमुन्याचे आकडे आधी टाकले. कुठल्यातरी परदेशी डोंगरातल्या नदीचे. हिरवागार आलेख उमटला. वर लिहिलेलं: उत्तम.

तेवढ्यात सरपंच अप्पाराव नारळ घेऊन हजर.

"आरं, मशीन चालू केलं आन् पूजा नाय?"

नारळ फुटला, लॅपटॉपला कुंकू लागलं. अप्पारावांनी आलेखाशेजारी उभं राहून फोटो काढला आणि तालुक्यातल्या सरपंच-साहेबांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा: 'आपल्या बोअरचं पाणी उत्तम.'

"अप्पा, हे आपलं नाय! परदेशातल्या नदीचं हाय!"

"लई शिकला रे तू. पाणी ते पाणी."

संघपालनं बोअरचे आकडे टाकले. आलेख लालभडक. पण ज्या साहेबाला वर्षभर वस्तीचा अर्ज वाचायला सवड झाली नव्हती, त्यानं फोटो मात्र हातातला चहा संपायच्या आत वाचला. टँकर बंद.

संघपाल लाल आलेख घेऊन धावला. "अप्पा, हा टाका ग्रुपवर. आत्ताच्या आत्ता."

"आन् लोकायला काय सांगू, नारळ फुकट फोडला? तू आपलेच आकडे घालून हिरवं काढ की."

"तसं नाय निघत!"

"परदेशाचं निघतं, आपलं नाय? गावावर खुन्नस हाय का तुझी?"

दुसऱ्या दिवशी बोअरच्या नळावर ही गर्दी. फोटो पाहून पलीकडच्या गावांतले लोक मोटारसायकलींना कॅन बांधून आले होते. संघपालची आई, मनकर्णाबाई, नळाला आडवी झाली.

"नका रं नेऊ, लेकरायला पाजू नका. माझा मालक ह्याच पाण्यानं गेला."

"व्हय मावशी, उत्तम पाणी तुमी एकट्यांनीच प्यायचं का?"

लोक हसले. कुणीतरी तिला दंडाला धरून बाजूला केलं, अगदी अदबीनं.

टँकर येणार नव्हता. घरात थेंब नव्हता. मनकर्णाबाईनं हंडा आणला आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली.

पुढच्यानं मागं वळून बजावलं, "मधी घुसायचं नाय हां, मावशी."