पणजोबांचं गासर

राडोयेने काचेच्या कपाटाचं दार उघडलं, तेलाची बाटली खाली ठेवली आणि रिव्हॉल्व्हरं मोजली. दहा भरली. त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा मोजली. तरी दहाच.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी तो आपल्या जुन्या लष्करी आणि पोलिसी रिव्हॉल्व्हरांना तेलपाणी करत असे. रशियन कप्तानाचं, ऑस्ट्रियन शिपायाचं, ट्रिएस्टच्या कुठल्याशा फौजदाराचं, असे अकरा नग त्याने जमिनीच्या मोजणीखात्यात नोकरी करता करता जमवले होते. बायको योका म्हणायची, की या माणसाने माझ्या गुडघ्यांना याच्या निम्मं तेल चोळलं असतं तर मी आज डोंगर चढले असते. आज मधला खण रिकामा होता. म्हणजे गेलं होतं ते साधंसुधं नव्हे, तर पणजोबांचं गासर, ते लांब नळीचं जुनं रिव्हॉल्व्हर.

"योका!"

"ओरडू नकोस, मिरच्या भाजतेय." स्वयंपाकघरातून आवाज आला. "कपाट पडलं की तू?"

"मधल्या खणातलं गासर कुठाय?"

"ब्लाजोला दिलंय."

"काय दिलंय?"

"मित्राच्या लग्नात झेंडा धरायचा होता त्याला. तू तेव्हा बहिणीकडे होतास. लाल जाकीट, टोपी, सगळा थाट अंगावर, आणि कमरपट्टा रिकामा! माझा सख्खा भाऊ रिकाम्या कमरेने झेंडा धरणार?"

"अगं, मग सुरा खोचायचा!"

"घरात अकरा रिव्हॉल्व्हरं असताना सुरा? लोक काय म्हणतील?"

आमच्या मॉन्टेनेग्रोत माणूस तो पोशाख चढवून फाटक्या बुटांनी फिरला तरी चालतं, पण त्याच्या कमरेला हातभर लांबीचं गासर नसेल तर लोक त्याला आजारी समजतात. जुन्या राजवटीत प्रत्येक पुरुषाने गासर बाळगलंच पाहिजे असा महाराजांचा हुकूम होता. महाराज गेले, राज्य गेलं, पण हुकूम पाळणं चालूच आहे.

"कधी दिलंस?"

"तीन आठवडे झाले."

राडोये खुर्चीत बसला. सोमवारी सकाळी दहा वाजता शस्त्रपरवाना कार्यालयाचे नवे निरीक्षक, स्पासोये साहेब, तपासणीला येणार होते. नोंदवहीत अकरा आणि कपाटात दहा निघाली, तर सगळाच संग्रह जप्त. कार्यालयाच्या पत्रात तसं ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

पण खरी धडकी वेगळीच होती, आणि ती त्याला योकालाही सांगता येत नव्हती.

त्याचे पणजोबा माशान यांना महाराजांनी स्वतःच्या हाताने गासर दिलं होतं. आता, आमच्या डोंगरांत ज्याच्या पणजोबाला महाराजांनी स्वतःच्या हाताने गासर दिलं नाही असं घर नाही. सगळ्यांचा हिशेब धरला तर महाराजांनी जन्मभर दुसरं काहीच केलं नसावं. ते असो. माशानचं गासर पहिल्या महायुद्धातल्या उपासमारीत एका पिठाच्या पोत्यासाठी गेलं, आणि राडोयेच्या वडिलांनी त्यासाठी जन्मभर उसासे टाकले. वडील अखेरच्या दुखण्यात पडले तेव्हा राडोयेला ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या जुन्या बाजारात तसंच एक गासर दिसलं. हाडाची मूठ, डाव्या बाजूला टवका उडालेला. त्याने ते आणलं, वडिलांच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, आपलं सापडलं." म्हाताऱ्याने टवक्यावरून अंगठा फिरवला. "हेच," तो म्हणाला. "हा टवका आजोबांनी तुर्की पाशाच्या टाळक्यात घालून उडवलेला." चार दिवसांनी तो शांतपणे गेला. मरणाऱ्या बापाशी खोटं बोलल्याची राडोयेला कधीच लाज वाटली नाही. पण त्यानंतर खरं सांगायला तोंड उरलं नाही. वीस वर्षं तो आल्यागेल्याला पाशाची गोष्ट सांगत होता.

फक्त सरकारी नोंदीत खोटं लिहायला त्याचा मोजणीखात्यातला हात धजला नव्हता. नोंदवहीत त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: मूळ, ग्राट्सचा जुना बाजार. सोमवारी स्पासोये साहेब ती वही घेऊन येणार आणि एकेक नोंद मोठ्याने वाचणार. त्या वेळी योकाला बाजारात पिटाळता आलं असतं. पण आधी गासर तर घरात हवं!

ब्लाजो दहा मिनिटांत गाडी घेऊन हजर झाला. मेव्हणा मोठ्या मनाचा होता, म्हणजे दुसऱ्यांच्या वस्तूंच्या बाबतीत.

"दाजी, काळजी सोडा. गासर अगदी सुरक्षित आहे."

"तुझ्याकडे?"

"माझ्याकडे नाही. क्र्स्तोकडे. माझा कूम आहे तो. त्याने मागितलं."

"आणि तू दिलंस?"

"कूमला नाही म्हणू? माझ्या पोराच्या बारशाला धर्मपिता म्हणून उभा राहिलेला माणूस तो! उद्या मूत्रपिंड मागितलं तरी द्यावं लागेल."

"मग फोन कर आणि परत माग."

ब्लाजोने गाडीला किल्ली लावता लावता हात थांबवला. "कूमकडे दिलेली वस्तू फोनवरून परत मागू? दाजी, त्यापेक्षा मला या वळणावरून खाली ढकला."

तेव्हा ते गेले. क्र्स्तो टॅक्सीवाला अंगणातच होता. आल्याबरोबर कामाचं बोलणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं, म्हणून आधी घरच्या फळांच्या दारूचा, राकियाचा, एकेक पेला झाला, मग धुरी दिलेलं मांस, मग चीज, मग कॉफी, मग क्र्स्तोच्या सासूचं पित्ताशय. पाऊण तासाने ब्लाजोने खाकरून विषय काढला.

"ते गासर..."

क्र्स्तोने डोळ्यांनी खूण केली, पण उशीर झाला होता. सासू पुढे सरकली. "जावयांच्या पणजोबांचं ना? बघितलं मी. महाराजांनी स्वतःच्या हाताने दिलेलं! आणि तो टवका म्हणे दोन पाशांच्या टाळक्यांवर..."

राडोयेच्या घशात चीज अडकलं. क्र्स्तो त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला आणि कुजबुजला, "सासूपुढे थोडं वाढवून सांगावं लागलं, काका. तिला वाटतं माझं घराणं कालपरवाचं आहे."

"गासर कुठाय?"

"लाबुदकडे. माझा कूम आहे."

लाबुद मधमाश्या पाळायचा आणि थेट डोंगराच्या पलीकडे राहायचा. तिथे राकिया मधाची होती आणि पेले मोठे होते. गाडी चालवायची म्हणून ब्लाजो नुसताच मध चाटत बसला आणि त्याच्या वाटचं राडोयेला प्यावं लागलं. लाबुदच्या घरी व्याही आले होते. राडोयेने तोंड उघडण्याआधीच व्याह्यांनी त्याला लाबुदच्या पणजोबांच्या गासरची हकीकत ऐकवली. आता पाशा चार झाले होते, त्यांतला एक घोड्यासकट.

"चार कसे?" राडोयेला राहवेना. "एकच होता!"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. "तुला काय माहीत?" व्याही म्हणाले. "तुझा पणजोबा होता का तिथे?"

"होता! म्हणजे..." ब्लाजोने टेबलाखालून त्याचा पाय दाबला, आणि राडोयेने उरलेला पेला एका घोटात संपवला. ज्या गोष्टीला आपणच वीस वर्षं खतपाणी घातलं, ती दुसऱ्याच्या अंगणात फळाला आलेली बघून त्याला राग यावा की नाही, हेच त्याला समजेना.

लाबुदने घरामागच्या मधमाश्यांच्या पेट्यांपाशी नेऊन कबुली दिली. गासर त्याने आपल्या कूमला दिलं होतं, आज दुपारच्या लग्नासाठी. नवऱ्याच्या काकांना वऱ्हाडाचे मुख्य मानकरी म्हणून पोशाख करून बसायचं होतं. "फार मोठा माणूस आहे तो. मी म्हटलं, आमच्या घराण्याचं आहे, जपून वापरा. तर कूम म्हणाला, आजच्या दिवस त्यांच्या घराण्याचं म्हणतो, चालेल ना? मी म्हटलं, चालेल."

लग्नाच्या मंडपात ते दोघं शिरले तेव्हा तीनशे माणसं जेवत होती. कोण कुठले म्हणून कुणी विचारलं नाही, दोघांच्या हातांत पेले आणि पुढ्यात ताटं आली. वरच्या टेबलावर सोनेरी कशिद्याच्या जाकिटात एक भारदस्त गृहस्थ बसले होते, आणि त्यांच्या लाल कमरपट्ट्यात, डाव्या बाजूला टवका उडालेलं, राडोयेचं गासर होतं.

"सापडलं!" राडोये उठला. "आता जातो आणि सरळ सांगतो."

"दाजी, बसा."

"बसू कशाला? माझी वस्तू आहे!"

"बसा म्हणतो ना. ते कोण आहेत ठाऊक आहे? सोमवारी तुमच्याकडे येणार आहेत ते."

राडोये बसला.

स्पासोये साहेब तेवढ्यात बोलायला उभे राहिले. त्यांनी गासर उपसून वर धरलं. "हे माझ्या पणजोबांना महाराजांनी स्वतःच्या हाताने दिलं!" मंडप टाळ्यांनी दणाणला. पाशा आता सहा होते. मग कुणीतरी साहेबांच्या वडिलांना पुढे आणलं. नव्वदीचा वाकलेला म्हातारा होता. त्याने गासर दोन्ही हातांत घेतलं, टवक्यावरून अंगठा फिरवला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हेच," म्हातारा म्हणाला. "पोरा, कुठून शोधलंस रे? मला वाटलं, मी हे न बघताच मरणार."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सांगायला गेले होते जेवणावळीतली गोष्ट, आणि ती बापाने खरी धरली होती. ते काहीतरी पुटपुटले. राडोये मात्र म्हाताऱ्याच्या अंगठ्याकडेच बघत होता. तो अंगठा त्याच्या ओळखीचा होता. आपल्या बापाची ती खोली, तो पलंग, ते "हेच", सगळं डोळ्यांपुढे आलं. त्याने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "ब्लाजो, घरी चल."

"आणि गासर?"

"चल म्हटलं ना."

सोमवारी दहा वाजता स्पासोये साहेब गणवेशात आले. योकाला बाजारात पाठवायचे तीन प्रयत्न वाया गेले होते. साहेब घरी येणार म्हटल्यावर ती कसली जाते! तिने कॉफी, राकिया आणि अंजिरं मांडली आणि एप्रनला हात पुसत कपाटाशेजारीच उभी राहिली. ब्लाजो दाराशी थांबला होता.

साहेब वही उघडून वाचत गेले आणि एकेक क्रमांक जुळवत गेले. दहा नोंदी सुरळीत पार पडल्या.

"अकरावी," ते म्हणाले. "गासर. पाच गोळ्यांचं. हाडाची मूठ, डाव्या बाजूला टवका..." इथे साहेबांचा आवाज खाली आला. त्यांनी रिकाम्या खणाकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि त्यांचे कान हळूहळू लाल झाले. "टवका उडालेला," त्यांनी कसंबसं वाचलं.

दुसऱ्याच्या नावावरचं शस्त्र विनापरवाना कमरेला लावून तीनशे लोकांपुढे भाषण केलेला शस्त्रनिरीक्षक काचेच्या कपाटापुढे उभा होता.

"ते याच्या पणजोबांचं हो साहेब," योका अभिमानाने म्हणाली. "महाराजांनी स्वतःच्या हाताने दिलेलं. लिहिलं असेल की तिथे!"

साहेबांनी पुढची ओळ मनात वाचली. मग त्यांनी मान वर केली आणि राडोयेकडे बघितलं. राडोयेने आयुष्यात इतकं आर्जव कधी डोळ्यांत आणलं नसेल. त्याने नुसती नको म्हणून मान हलवली, जेमतेम इंचभर.

"लिहिलंय," साहेब म्हणाले. "महाराजांनी, स्वतःच्या हाताने."

"बघा!" योका म्हणाली.

"वडील कसे आहेत, साहेब?" राडोयेने हळूच विचारलं.

"शनिवारपासून दोन्ही वेळा जेवतात." साहेबांनी पेला एका दमात रिकामा केला. "त्यांनी ते उशाशी भिंतीवर लावून घेतलंय. सकाळी उठल्यावर आधी त्याच्याकडे बघतात. मी... मला ते काढून आणता आलं असतं. पण..."

"काढू नका."

साहेबांनी पेन काढलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: अकराही नग समक्ष पाहिले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

"कुणाचे वडील? काय लावलंय भिंतीवर?" साहेब गेल्यावर योकाने विचारलं.

"गासर पॉलिशला दिलंय," राडोये म्हणाला. "वेळ लागेल."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, घरची दहा उरकली की राडोये तेलाची बाटली खिशात घालून स्पासोये साहेबांच्या घरी जातो. म्हाताऱ्याच्या लेखी तो सरकारकडून आलेला तेलवाला आहे. तो तेल लावतो आणि म्हातारा पाशांची गोष्ट सांगतो. आता ते नऊ आहेत.

परवा म्हातारा उशीवरून त्याच्या हातांकडे बघत होता.

"हळू पूस. पोरगा म्हणतो, तुझ्याकडेही असली जुनी रिव्हॉल्व्हरं आहेत?"

"आहेत थोडी."

"हं. असतील. पण त्यांतलं एकही महाराजांच्या हातचं नसणार."

वीस वर्षांत पहिल्यांदाच राडोयेने हातातल्या त्या टवक्यावरून अंगठा फिरवत खरं ते सांगून टाकलं.

"नाही, काका," तो म्हणाला. "एकही नाही."